ईपरला एकटा गेलो तेव्हा

पासपोर्ट आम्ही दोघांनी एकाच दिवशी काढले. फोटोच्या वेळी काउंटरवरची मुलगी माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, हसू नका." तर ही म्हणाली, "हसतंय कोण? माजं तोंडच असलं हाय." ती मुलगीच हसायला लागली. मागे रांगेतले लोकही हसले.

आमची एकुलती एक लेक बेल्जियममध्ये गेन्ट नावाच्या शहरात नोकरी करते. जावईही तिथलाच नोकरीवाला. दिवाळी झाली की आम्ही दोघांनी तिच्याकडे जायचं, असं ठरलं होतं. बायकोने थंडीचे कपडे घेतले, पायमोजे घेतले. पायमोजे घालून घरात चालायची सवय करत होती. "आवो, पाय सरकतोय की," म्हणून भिंत धरायची. नवरात्राच्या आधी तिला ताप आला. साधा ताप असेल म्हणून आम्ही गोळ्यांवर ढकललं, मग दवाखान्यात नेलं, आणि आठवड्याच्या आत ती गेली. लेक विमानं बदलत घरी पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. घरात फक्त तिच्या जागेवर ठेवलेला दिवा होता. लेक त्या दिव्यापुढे बसली आणि एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. तेरावा झाल्यावर ती परत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिने मला बोलावून घेतलं. जायची इच्छा नव्हती. पण सोलापूरच्या त्या उन्हात, दुपारी पडदे ओढून, पंख्याखाली एकट्याने बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. जेवायला दोन घास लागतात, त्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई चटणी नाहीतर भाजी पाठवायच्या. डबा परत करताना मी "छान होती" म्हणायचो. कित्येक दिवस तेवढंच माझं बोलणं असायचं. शेवटी बॅग भरली आणि गेलो.

गेन्टमधलं घर छान होतं. मोठ्या काचा, खाली कालवा, कालव्यात बदकं. लेक सकाळी सायकलवर बसून कामाला जायची, जावई त्याआधीच गेलेला असायचा. मग मी आणि ते घर. खिडकीतून माणसं दिसायची, पण आवाज यायचा नाही, काचाच तशा. आमच्याकडे भल्या पहाटे पाण्याचा, भांड्यांचा, देवळाचा, रिक्षाचा आवाज सुरू होतो. इथं मला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. संध्याकाळी लेक आली की आम्ही बोलायचो. काय खाल्लं, गोळी घेतली का, उद्या पाऊस आहे, स्वेटर घाला. तिच्या आईचा विषय दोघांनीही काढला नाही. ती मला जपत होती आणि मी तिला. एकदा जेवताना ती भाकरी मोडता मोडता थांबली, मला वाटलं आता बोलेल. पण उठून पाणी आणायला गेली.

मी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचं काम केलं. वडील गिरणीत मागावर होते, माझा जन्मच गिरणीच्या चाळीतला. मी चौकड्यांच्या कागदावर एकेक घर रंगवून वेल, मोर, कमळ काढायचो. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, आणि त्या पुठ्ठ्यांवरून मागावर ती नक्षी उतरायची. हे लेकीला ठाऊक, म्हणून एक दिवस ती म्हणाली, "बाबा, इथून जवळ ईपर म्हणून गाव आहे. तिथं जुन्या काळी कापडाचा मोठा बाजार भरायचा. त्या बाजाराची इमारत बघण्यासारखी आहे. तुम्हाला आवडेल. शनिवारी जाऊ."

शनिवारी सकाळी तिला कामावरून फोन आला. कसलीशी यंत्रं बंद पडली होती. ती चेहरा पाडून म्हणाली, "पुढच्या शनिवारी जाऊ या का?"

मी म्हणालो, "मी जातो की एकटा. आगगाडीत बसायला येतं मला."

तिने गाडी कुठं बदलायची ते मला नीट समजावून सांगितलं, फोन पूर्ण चार्ज करून दिला, आणि संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला येते म्हणाली.

गाडीतून सपाट हिरवी रानं दिसत होती. गाई बसलेल्या. एकही माणूस रानात नाही. खिडकीशेजारी बसलो होतो आणि शेजारची जागा रिकामी होती. बायको असती तर तिने गाईंची जात, त्यांचं दूध, त्यांच्यामागे कुणी गुराखी कसा नाही, हे सगळं बोलून घेतलं असतं. ती मंद्रूपची. शेतात वाढलेली. एवढी हिरवी जमीन बघून ती गप्प बसलीच नसती.

ईपरचं स्टेशन लहान. तिथून चालत गेलो आणि गावाच्या मोठ्या चौकात आलो. समोर ती कापडबाजाराची इमारत. मी आधी जागेवरच थांबलो. केवढी लांब! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानी, त्यांच्यावर कमानीदार खिडक्यांची रांग, मधोमध उंच मनोरा. चौकाच्या बाकीच्या बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांच्या माथ्याची विटांची घरं. मला वाटलं, बघा, सात-आठशे वर्षांपूर्वी इथं आमच्यासारखेच विणकर होते. लोकर यायची, कापड व्हायचं, गाठी बांधून बोटीत जायचं. मी जाऊन भिंतीला हात लावला. देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा. मनात म्हटलं, काय टिकवलंय या लोकांनी! आमची गिरणी बंद पडल्यावर पत्रे विकले गेले, यंत्रं भंगारात गेली, शेड पाडली, आणि आता तिथं बाभळी उगवल्यात. भोंगा बंद झाला तेव्हा आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना कित्येक दिवस जेवायची वेळच कळेना.

मग आत गेलो. आत युद्धाचं संग्रहालय आहे. तिकीट काढून मी एका खोलीत शिरलो, तर समोर भिंतभर एक फोटो होता. दगडविटांचे ढीग. मधे एक अर्धवट मनोरा, तुटलेल्या दातासारखा. एका बाजूने सैनिक चालले आहेत, घोडे आहेत, झाडं जळून गेलेली. मला आधी कळलंच नाही की हा कुठला फोटो. खाली इंग्रजीत लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. तो हाच चौक होता. मी ज्या भिंतीला हात लावून आलो होतो ती त्या फोटोत नव्हती. पहिल्या महायुद्धात चार वर्षं तोफा चालल्या आणि या गावात एक छप्पर उरलं नाही. जे आता दिसतं ते सगळं नंतर बांधलेलं. जुने नकाशे, जुनी चित्रं समोर ठेवून जसं होतं तसं. कापडबाजाराची इमारत पुरी व्हायला तर इतकी वर्षं लागली की तिचा शेवटचा भाग बांधला जात असताना मी शाळेत पाढे म्हणत होतो.

मी बाहेर आलो आणि पुन्हा बघितलं. आता फरक दिसला. खाली काही ठिकाणी काळपट, खाल्लेले दगड होते, उरलेले. वरचे सगळे एकसारखे, नीट कापलेले. नक्षीकाम करणाऱ्याच्या डोळ्याला जोड लपत नाही. फाटलेल्या चादरीला रफू केलं की माझी नजर आधी तिथंच जायची. तसं झालं. वाईट वाटलं का? हो, थोडं वाटलं. फसल्यासारखं वाटलं. मग लाजही वाटली, की ज्यांचं गाव जळलं त्यांनी ते बांधलं, त्यात मला फसवायचा प्रश्न कुठं येतो.

चौकातल्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. पांढरे केस, निळा कोट, हातात कागदाच्या पुडीत बटाट्याच्या तळलेल्या फोडी. त्यांनी सरकून मला जागा दिली. पुडी पुढे केली. मी एक फोड घेतली. त्यांना इंग्रजी येत होतं, माझ्यापेक्षा बरंच बरं.

"पहिल्यांदा आलात?" त्यांनी विचारलं.

"हो. मला वाटलं होतं हे सगळं फार जुनं आहे."

त्या हसल्या. "मलाही लहानपणी आमचं घर तसंच वाटायचं. मग आईने सांगितलं. माझी आई आठ-नऊ वर्षांची असताना ते सगळे फ्रान्सला पळून गेले होते. युद्ध संपल्यावर परत आले, तर गावच नव्हतं. लाकडाच्या झोपडीत राहिले. बाहेरचे लोक म्हणत होते, हे असंच ठेवा, पडलेलं. आठवण म्हणून. माझी आजी म्हणायची, आठवण ठेवा, पण आम्ही स्वयंपाक कुठं करू?"

मला हसू आलं. माझ्या बायकोने अगदी हेच विचारलं असतं.

त्यांनी चौकाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिथून मागच्या गल्लीत आमचं घर. जिथं आधी होतं तिथंच बांधलं. दार त्याच बाजूला, खिडक्या तेवढ्याच. आजोबा मात्र परतले नव्हते. आजी मरेपर्यंत मागच्या स्वयंपाकघरात बसायची. पुढच्या खोलीत कधी बसली नाही. आम्ही विचारलं तर म्हणायची, ती खोली तुमच्यासाठी. ज्यांनी आधीची पाहिली नाही त्यांच्यासाठी."

मनोऱ्यातल्या घंटा वाजायला लागल्या, एकामागून एक, गाण्यासारख्या. त्या बाईंनी कागद चुरगाळून पिशवीत टाकला आणि विचारलं, "तुमची पत्नी कुठं आहे? दुकानात?"

मी म्हणालो, "नाही. ती घरी आहे."

का म्हणालो, मला माहीत नाही. इंग्रजीत "वारली" म्हणायला शब्द येत नव्हता असं नाही. सोलापुरात तो शब्द मला कधी उच्चारावाच लागला नव्हता. सगळ्यांना ठाऊकच होतं. इथं पहिल्यांदा कुणीतरी अनोळखी माणसाने विचारलं आणि माझ्या तोंडून भलतंच आलं.

"पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत गेल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. त्यांच्या मागे जाऊन खरं सांगावं असं वाटलं. उठलो, कोपऱ्यापर्यंत गेलो. गल्लीत कुणी नव्हतं. सगळी दारं सारखी दिसत होती.

दुपार मी गावात नुसता फिरत काढली. माणसं जोडीजोडीने, घोळक्याने हिंडत होती. कॉफी पीत होती. मीही एका ठिकाणी बसलो, तर वाढणाऱ्या मुलाने टेबलावरची दुसरी खुर्ची उचलून शेजारच्या टेबलाला नेऊन दिली. मला विचारलं त्याने, आणि मी मान हलवली. खुर्ची गेली. मग मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

या गावाला एक मोठी वेस आहे, दगडी, तीही नंतर बांधलेली. तिच्या आतल्या भिंतींवर सैनिकांची नावं कोरली आहेत. ज्यांचे देह सापडलेच नाहीत त्यांची. भिंती वरपासून खालपर्यंत नावांनी भरलेल्या. रोज संध्याकाळी आठ वाजता तिथं बिगूल वाजवतात, असं लेकीने सांगितलं होतं. मी जरा आधीच गेलो. फिरता फिरता एका बाजूला आपल्याकडची नावं दिसली. शिपाई, हवालदार. पंजाबातली, गढवालमधली, काही कुठली ते कळत नव्हतं. एवढ्या लांब, या ओल्या मातीत. माझ्या ओळखीचं त्यात कुणी नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. तरी मी ती नावं हलक्या आवाजात वाचत गेलो. इथल्या कुणाला ती नीट उच्चारता येणार नाहीत असं वाटलं म्हणून. वाचताना मान दुखायला लागली.

हळूहळू गर्दी झाली. पोलिसाने वाहनं थांबवली. इंग्लंडहून आलेली शाळेची मुलं होती, त्यांच्या एक शिक्षिका होत्या. मुलांच्या हातात लाकडाचे लहान क्रॉस होते, वर कागदाचं लाल फूल चिकटवलेलं, आणि त्यावर त्यांनी कुणाकुणाची नावं लिहिली होती. मी नावं वाचत होतो ते त्या शिक्षिकेने बघितलं असावं. त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक जास्तीचा आहे. तुमच्या कुणासाठी हवा का?" त्यांनी पेनही दिलं.

मी तो हातात घेतला. वाचलेल्यांपैकी एखाद्याचं नाव लिहावं म्हणून वर बघितलं. मग खाली बघितलं आणि बायकोचं नाव लिहिलं. मराठीत. खाली "मंद्रूप" लिहिलं. अक्षर बरं आलं. नक्षी काढणाऱ्याचं अक्षर शेवटपर्यंत बरं राहतं.

शिक्षिकेने विचारलं, "तुमचे आजोबा?"

"नाही," मी म्हणालो. "माझी बायको. गेल्या वर्षी वारली."

त्या गोंधळल्या नाहीत. हसल्या नाहीत. सैनिकांच्या जागी हे कसं, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या कोपराला हात लावून त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. बिगूल वाजला. इतकी माणसं, पण खोकल्याचाही आवाज नव्हता. तो सूर कमानीत घुमला आणि थांबला, आणि मग मला रडू आलं. दिव्यापुढे आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं. इथं आलं. शिक्षिका पुढेच बघत राहिल्या, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. सगळं संपल्यावर मी तो क्रॉस इतरांच्या रांगेत पायरीवर टेकवला. तिचं नाव त्या सगळ्या अनोळखी नावांत होतं. तिला ते चाललं असतं. ती कुणातही मिसळायची.

गेन्टच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा अजून उजेड होता, तिथला उन्हाळा तसाच. लेक सायकल धरून उभी होती.

"बाबा, फोन का उचलला नाहीत? किती वेळा केला!"

फोन खिशातच होता, मला कळलाच नव्हता. मी म्हणालो, "मी तुझ्या आईचं नाव लिहून आलो."

"कुठं?"

मग मी सगळं सांगितलं. बाकावरच्या बाई, मी बोललेलं खोटं, क्रॉस, बिगूल. ती ऐकता ऐकता स्टेशनाबाहेरच्या कठड्यावर बसली. सायकल तिने तशीच भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, तरी उचलली नाही.

"मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलाल म्हणून," ती म्हणाली.

"मी तुझी वाट बघत होतो."

"मला वाटलं, मी विचारलं तर तुम्हाला त्रास होईल." मग म्हणाली, "शेवटी ती काय म्हणाली? मला कुणीच सांगितलं नाही."

तिथंच बसून मी तिला सांगितलं. शेवटच्या दिवशी तिच्या आईने मला विचारलं होतं, "पोरीकडं थंडी लई असती का वो?" मी हो म्हणालो. तर म्हणाली, "मग तिला गोधडी न्या. ते तितलं पांघरूण हलकं असतंय." त्यानंतर ती नीट बोलली नाही. गोधडी मी आणली नव्हती. विसरलो नव्हतो, पण ती घडी उचलवली नव्हती. लेकीने डोळे पुसले आणि हसली. "आईला वाटायचं जगात सगळ्यांचं पांघरूण हलकंच असतं."

त्या मुक्कामात मग आम्ही पुष्कळ बोललो. लेक म्हणाली, आता इथंच राहा. जावईही मनापासून म्हणाला. पण मला तिथलं बसणं जमणार नव्हतं, दिवसभर त्या बंद काचांमागे. व्हिसाची मुदत संपली तसा परत आलो.

सोलापुरात आल्यावर घर उघडलं तर धूळ बसलेली. झाडलं, पुसलं. एकटेपणा काही कमी झाला नाही, खोटं कशाला सांगू. फक्त आता लेकीचा फोन आला की ती आईबद्दल काहीतरी विचारते, आणि मी सांगतो. कधी तिला माहीत नसलेलं असतं, कधी माहीत असलेलंच पुन्हा.

श्रावणात मी एस.टी.ने मंद्रूपला गेलो. बायकोचे थोरले भाऊ तिथं शेती बघतात. ते आणि मी ओसरीवर बसलो, त्यांच्या सुनेने चहा आणला. त्यांनी विचारलं, "काय काय बगितलं दाजी तिकडं?"

मी त्यांना ईपरची गोष्ट सांगितली. सगळं गाव जळालं, आणि लोकांनी ते होतं तसं पुन्हा बांधलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"समदं तसंच बांदलं?"

"हो. घराचं दारसुद्धा त्याच बाजूला."

"आन् लोकं ऱ्हात्यात व्हय त्यात?"

"राहतात की. स्वयंपाक करतात. चौकात बसून बटाट्याच्या फोडी खातात."

त्यांनी मान हलवली. वेशीत त्यांच्या बहिणीचं नाव ठेवून आलो तेही मी सांगितलं. त्यांनी गावाचं नाव पुन्हा विचारलं, स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग उठले आणि म्हणाले, "जेवून जावा. भाकरी टाकायला सांगतो."

मी जेवून संध्याकाळच्या गाडीने निघालो. शेजारच्या जागेवर एक अनोळखी बाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुटं, सोलापूरला?" मी म्हणालो, "व्हय." आणि मग सोलापूर येईपर्यंत त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होतो.